लहान टेकड्या, तिखट चढ : सरे हिल्समध्ये रोड सायकलिंगची सुरुवात

लंडनच्या दक्षिणेला, ट्रेनने तासाभराच्या आत, सरे हिल्स आहेत. १९५८ साली या भागाला संरक्षित निसर्गप्रदेशाचा दर्जा मिळाला. नोकरी-शिक्षणासाठी इंग्लंडात आलेल्या आपल्या माणसाला मात्र यांना 'हिल्स' म्हणणं जरा जास्तच वाटतं. इथली सर्वांत उंच टेकडी लीथ हिल, आणि तिची उंची २९४ मीटर. पुणं शहरच साडेपाचशे मीटरच्या वर वसलेलं आहे. त्यामुळे सिंहगडाच्या रस्त्यावर घाम गाळलेला सायकलवाला हे आकडे बघून हसतो आणि पहिल्याच रविवारी साठ किलोमीटरचा बेत आखतो. दुपारपर्यंत मांड्या जाब विचारायला लागतात.

आपला घाट एकदा चढला की संपतो. वर पठार लागतं, पाय मोकळे होतात. इथला चढ दीड-दोन किलोमीटरचाच असतो, पण त्याच्या पाठीमागे उतार, जेमतेम श्वास घेण्याइतका सपाट तुकडा, आणि लगेच पुढचा चढ. साठ किलोमीटरच्या फेरीत आठशे ते हजार मीटर चढाई सहज जमा होते. शिवाय आपले घाट अभियंत्यांनी आखलेले, गाडी चढेल एवढाच चढ राखून वळणं घेत जाणारे. इथले लहान रस्ते म्हणजे शेकडो वर्षं तुडवलेल्या गाडीवाटा, ज्यांवर कधीतरी डांबर पडलं. त्या टेकडीला वळसा घालण्याच्या फंदात पडत नाहीत, सरळ अंगावर जातात. १८ टक्क्यांचा चढ इथे अगदी घराघरांमधून जाणाऱ्या गल्लीतही भेटतो.

म्हणून इथे फेरी आखताना किलोमीटर मोजू नका. चढ किती आहेत, कोणत्या बाजूने आहेत आणि कोणत्या क्रमाने येतात ते मोजा. पुढचं सगळं त्याच हिशेबाने सांगतो.

आधी टेकड्यांची बाजू ओळखा

सरेमध्ये पूर्व-पश्चिम धावणाऱ्या टेकड्यांच्या दोन रांगा आहेत. उत्तरेकडची नॉर्थ डाउन्स, खडूच्या पांढऱ्या दगडाची. बॉक्स हिल, रॅनमोर, न्यूलँड्स कॉर्नर हे सगळं तिच्यावर. दक्षिणेकडची ग्रीनसँड नावाच्या वालुकाश्माची. लीथ हिल, होल्मबरी हिल आणि पिच हिल तिच्यावर. मधल्या दरीतून ए२५ हा वर्दळीचा रस्ता जातो आणि दरीच्या पूर्व टोकाला डॉर्किंग गाव आहे.

दोन्ही रांगांचे थर उत्तरेकडे कललेले आहेत. त्यामुळे उत्तरेची बाजू हळूहळू उतरत जाते आणि दक्षिणेची एकदम तुटते. सायकलवाल्याला याचा अर्थ एवढाच : उत्तरेकडून चढाल तर चढ लांब पण सौम्य, दक्षिणेकडून चढाल तर आखूड पण जीवघेणा. एवढं लक्षात ठेवलं तर नकाशावर नुसती नजर टाकून अर्धी फेरी आखता येते. बॉक्स हिलचा प्रसिद्ध नागमोडी रस्ता याला अपवाद आहे. तो मोल नदीच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून, एका कोरड्या दरीतून चढतो आणि म्हणूनच नवख्याला झेपतो.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे नकाशे या कामासाठी उत्तम. कागदाचा हवा असेल तर १:५०,००० प्रमाणाचा लँडरेंजर १८७ घ्या. त्यावर रस्त्यावर एक बाण असेल तर चढ १४ ते २० टक्के, दोन बाण असतील तर २० टक्क्यांहून जास्त. पहिले काही महिने दोन बाणांच्या वाटेला जाऊच नका. ॲपमध्ये आखलेली फेरीही एकदा या नकाशाशी ताडून पाहा, कारण बरीच ॲप्स अंतर वाचवायच्या नादात तुम्हाला चिखलाच्या घोडेवाटेवर नेऊन सोडतात. अशा घोडेवाटेवर, म्हणजे ब्रिडलवेवर, सायकल चालवायला कायद्याने परवानगी आहे, पण चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यावी लागते. फुटपाथ म्हणून दाखवलेल्या पायवाटांवर तसा हक्क नाही. रोड सायकलच्या बारीक टायरना तसाही दोन्हींचा उपयोग नाही.

सायकल : वजन विसरा, गिअर बघा

दुकानात गेलात की कार्बन फ्रेम किती ग्रॅमची यावर बोलणं सुरू होईल. नवख्याला त्याचा फायदा नगण्य. विचारायचा प्रश्न एकच, सगळ्यात हलका गिअर कोणता? पुढे ५०/३४ दातांच्या चेनरिंग (पॅडलजवळच्या दातेरी चकत्या) आणि मागे ११-३४ ची कॅसेट (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच) असेल, तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये पॅडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. सरेच्या चढांना हे पुरतं. मागे २८ दातांचीच कॅसेट असलेली जुनी रेसिंग सायकल स्वस्तात मिळाली तरी पहिल्या उभ्या चढावर गुडघे तिची किंमत वसूल करतील.

टायर २८ मिलिमीटर किंवा रुंद. डिस्क ब्रेक असतील तर उत्तम, कारण ओल्या उतारावर चाकाच्या कडेवर दाबणारे रिम ब्रेक पकडायला वेळ लावतात. इथल्या सायकलींना उजव्या हाताखाली पुढचा ब्रेक असतो. युरोपातून जुनी सायकल आणली असेल तर उलटं असू शकतं, एकदा तपासा. चिखलपंखे (मडगार्ड) लावा. क्लबच्या हिवाळी फेऱ्यांत चिखलपंखा नसलेल्याच्या मागे कुणी राहत नाही, आणि ते बरोबरच आहे.

नोकरी करत असाल तर कंपनीत 'सायकल टू वर्क' योजना आहे का ते एचआरला विचारा. १९९९ पासून ही करसवलत आहे. सायकलचे हप्ते कर कापायच्या आधीच्या पगारातून जातात, त्यामुळे बरीच बचत होते. हेल्मेट, दिवे, कुलूप हेही त्यात बसतं. फक्त कागदोपत्री ती सायकल काही काळ भाड्याची असते, म्हणून नोकरी बदलण्याचा विचार असेल तर अटी वाचून सही करा.

पंक्चरचं सामान न घेता निघू नका. खडूच्या टेकड्यांत गारगोटीचे धारदार तुकडे असतात आणि पाऊस पडला की ते वाहून रस्त्यावर येतात. त्यात भर झुडपांच्या कुंपणांची. १ मार्च ते ३१ ऑगस्ट, पक्ष्यांच्या विणीच्या काळात, शेतकऱ्यांना कुंपणं छाटायला बंदी असते. सप्टेंबर उजाडला की छाटणी जोरात सुरू होते आणि हॉथॉर्न-ब्लॅकथॉर्नचे काटे रस्ताभर पसरतात. दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप आणि छोटा पान्यांचा संच. ट्यूब बदलायची सवय घरच्या कार्पेटवर करून घ्या. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायला विसरू नका, काटा तिथेच बसलेला असतो.

पोचायचं कसं

वॉटर्लू किंवा व्हिक्टोरियाहून डॉर्किंगला थेट ट्रेन आहेत. बॉक्स हिलसाठी त्याच्या आधीचं स्टेशन : बॉक्सहिल अँड वेस्टहंबल. सायकली शनिवार-रविवारी सहसा नेता येतात; कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी घडीची सायकल सोडून बाकीच्यांना मनाई असते. एक गोष्ट आदल्या रात्री न चुकता पाहायची : रविवारी रुळांची कामं निघतात आणि ट्रेनऐवजी बस सोडतात. त्या बसमध्ये सायकल घेतीलच याचा भरवसा नाही.

पहिली फेरी : बॉक्स हिल

स्टेशनातून बाहेर पडून ए२४ कडे या. हा दुभाजक असलेला, वेगाचा रस्ता आहे. तो वरून ओलांडायच्या भानगडीत पडू नका. बर्फर्ड ब्रिजजवळ खालून पादचारी बोगदा आहे, सायकल हातात धरून तिकडून पलीकडे जा. पलीकडे ओल्ड लंडन रोड लागतो, आणि त्याच्यावरून थोडं उत्तरेला गेलं की उजव्या हाताला झिगझॅग रोड.

चढ साधारण अडीच किलोमीटरचा, सरासरी ५ टक्क्यांचा, उंची मिळते सव्वाशे मीटरच्या आसपास. २०१२ च्या ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या शर्यतीने या टेकडीच्या नऊ फेऱ्या मारल्या, महिलांच्या शर्यतीने दोन. त्या शर्यती अलेक्झांडर विनोकुरोव्ह आणि मारियाना व्हॉस यांनी जिंकल्या. तेव्हापासून शनिवारी-रविवारी सकाळी इथे सायकलींची रांगच लागते. गर्दीला बिचकू नका. तुमच्यापुढून सत्तरीतले आजोबा शांतपणे निघून जातील, त्यांनाही जाऊ द्या. त्यांचे पाय चाळीस वर्षांचे तयार आहेत.

चढायचं तंत्र एका ओळीत : बोलता येईल इतक्याच वेगाने. पायथ्याशी, अजून सोपं वाटतंय तेव्हाच, हलक्या गिअरवर या. चढ कडक झाल्यावर जोर लावून गिअर बदलायला गेलात तर चेन कुरकुरते, कधी उतरतेही. बसून चढा, हात सैल ठेवा, वळणांच्या आतल्या कडेला चढ जास्त असतो म्हणून मागे-पुढे वाहन नसेल तर आपल्या लेनमध्येच थोडं बाहेरून जा. पॅडलचे फेरे मिनिटाला सत्तरच्या खाली पडायला लागले की अजून हलका गिअर. तोही संपला तर उतरून ढकला, त्यात कमीपणा काहीच नाही.

वर नॅशनल ट्रस्टचं कॅफे आणि स्वच्छतागृह आहे, पाणी भरून घ्या. जवळच सॅलोमन्स मेमोरियलचा कट्टा. तिथून सगळी दरी आणि पलीकडची लीथ हिलची रांग दिसते. पुढच्या खेपेचा नकाशाच समोर मांडलेला असतो म्हणा ना.

परत त्याच रस्त्याने उतरू नका. बॉक्स हिल रोडने पूर्वेला गावातून पुढे जा, मग उत्तरेला वळून हेडली, तिथून लॉजबॉटम रोडने झाडीतल्या दरीतून मिकलम, आणि ओल्ड लंडन रोडने पुन्हा पायथ्याशी. पंधरा किलोमीटरच्या आसपासची ही फेरी. पाय शिल्लक असतील तर आणखी एक मारा, नसतील तर स्टेशन समोरच आहे. नवख्यासाठी या फेरीचा खरा गुण हाच : थकाल तिथून घर जवळ.

दुसरी फेरी : उत्तरेकडून लीथ हिल

बॉक्स हिल दोनदा सलग जमायला लागली की डॉर्किंगहून कोल्डहार्बर लेनने निघा. हा उत्तरेकडचा, म्हणजे सौम्य बाजूचा चढ. लांब आहे, पण कुठेही फार छळत नाही. या रस्त्यावर सरेची ती खास खोलगट गल्ली पाहायला मिळते. मऊ वालुकाश्म शतकानुशतकं चाकांनी आणि पावसाने झिजून रस्ता दोन्ही बाजूंच्या मातीच्या भिंतींत खोल गेलेला, वर झाडांचं छत, मुळं भिंतीतून लोंबणारी. भर दुपारी इथे अंधार असतो, म्हणून दिवसाही पुढचा-मागचा दिवा लावा. आणि कान उघडे ठेवा, हेडफोन खिशात.

कोल्डहार्बर गावातून लीथ हिलच्या मनोऱ्याकडे जायला पायवाट आहे, रोड सायकलसाठी रस्ता नाही. १७६५ साली रिचर्ड हल नावाच्या गृहस्थाने हा मनोरा बांधला. सायकल हातात धरून जायची तयारी असेल तर जा. नाहीतर टेकडीच्या कुशीतून ॲबिंजर कॉमनकडे उतरा, आणि वॉटन, वेस्टकॉटमार्गे डॉर्किंग. शेवटचा तुकडा ए२५ वर येतो. तिथे गाड्या वेगात असतात, पण अंतर थोडं आहे. वेळ असेल तर उलट दिशेला ॲबिंजर हॅमरपर्यंत जाऊन या. तिथे रस्त्यावर पुढे आलेल्या घड्याळात लोहाराचा पुतळा तासाला घण मारतो. टिलिंगबर्न ओढ्याच्या पाण्यावर इथे एकेकाळी लोखंड कुटायची गिरणी चाले, गावाच्या नावातला हातोडा तोच.

यापुढचं दक्षिणेकडून. ए२५ वरून रॅनमोरकडे चढणारी व्हाइट डाउन लेन, आणि क्रॅनलीच्या बाजूने ग्रीनसँडच्या रांगेवर चढणारी बारहॅच लेन, या दोन्ही नावांनी इथल्या सायकलवाल्यांचे चेहरे बदलतात. दोन्ही एकाच दिवशी करायची गरज नाही. बारहॅचला गेलात तर नंतर पीसलेकच्या दुकानात थांबा; तिथल्या चीज स्ट्रॉ सायकलवाल्यांत नावाजलेल्या आहेत.

उताराचं भय बाळगा

चढावर फार तर दम लागतो. हाडं मोडतात ती उतारावर. अरुंद लेनच्या तोंडाशी पांढऱ्या गोलात काळी तिरकी पट्टी असेल तर वेगमर्यादा ताशी ६० मैल, अगदी एकच गाडी मावेल अशा गल्लीतसुद्धा. कायद्याने समोरून कुणी त्या वेगाने येऊ शकतं. वळणापलीकडचं दिसत नसेल तर दिसेल तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवा. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ असताना. वळणात फक्त वळायचं. हात हँडलच्या खालच्या भागात, म्हणजे ब्रेक पूर्ण जोराने दाबता येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली ओली पानं साबणासारखी घसरतात, आणि पाऊस पडून गेल्यावर लेनच्या मधोमध वाळू-खडीचा पट्टा साचतो.

घोडे भरपूर भेटतात. मागून येत असाल तर दुरूनच 'हॅलो, सायकल येतेय' असं इंग्रजीत मोठ्याने सांगा, घंटीपेक्षा माणसाचा आवाज घोड्याला बरा. मग हळू, बरंच अंतर ठेवून पुढे जा आणि 'थँक यू' म्हणा.

वाहनांबद्दल : २०२२ च्या बदलांनंतर हायवे कोड, म्हणजे ब्रिटनची रस्त्याच्या नियमांची पुस्तिका, सांगतो की ३० मैलांपर्यंतच्या वेगाला मोटारीने सायकलीपासून निदान दीड मीटर अंतर ठेवावं, वेग जास्त असेल तर त्याहून अधिक. शांत रस्त्यावर लेनच्या मधून चालवा आणि मागून वेगाची गाडी आली की सुरक्षित वाटेल तिथे डावीकडे सरा, असंही तो सांगतो. कुंपणाला चिकटून चालवलं तर उलट गाड्या जवळून घुसतात. हेल्मेट कायद्याने सक्तीचं नाही, तरी घाला. अंधार पडल्यावर मात्र पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर कायद्यानेच लागतो. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो, हे विसरून दुपारच्या जेवणानंतर निघणारे बरेच असतात.

कपडे आणि शिदोरी

एकच जाड जॅकेट नको, पातळ थर हवेत. चढताना उघडायचे, वर पोचल्यावर उतरण्याआधी अंगावर घ्यायचे. घामाने भिजलेल्या अंगाला उतारावरचा वारा जूनमध्येही हुडहुडी भरवतो. पॅडवाली चड्डी आतून काही न घालता घालायची असते, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. जाताना त्याच्या तोंडावर जा, म्हणजे थकल्यावर तो पाठीशी असतो.

तासाभराच्या वरच्या फेरीला खिशात खाणं हवंच. दुकानात मिळणारे एनर्जी जेल मला कधी रुचले नाहीत. शेंगदाण्याची चिक्की, खजूर, तूप लावून घट्ट गुंडाळलेली गूळपोळी यांवर व्यवस्थित भागतं. कॅफेत शाकाहारी मंडळींची सोय होते : बीन्स ऑन टोस्ट, चीज घातलेला जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला बटाटा), फ्लॅपजॅक (ओट्सची वडी). भूक लागायच्या आधी खा. एकदा भूक कळली की उशीर झालेला असतो, आणि पुढचा चढ तोवर समोर उभा असतो. गावातली दुकानं रविवारी लवकर बंद होतात, तेव्हा दुपारनंतर त्यांच्यावर विसंबू नका. लेनमध्ये फोनला रेंज जाते, म्हणून फेरीचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा आणि घरी कुणाला तरी वाट सांगून निघा. अपघात झाला तर ९९९ किंवा ११२.

एकट्याने की सोबत

पहिल्या एक-दोन फेऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर करा, मग स्थानिक क्लबच्या सर्वांत संथ गटात जा. गट वेगानुसार पाडलेले असतात आणि वेग आधी जाहीर करतात, तो मैलात असतो हे लक्षात ठेवा. १२ मैल म्हणजे १९ किलोमीटरच्या वर. 'सायकलिंग यूके' ही १८७८ पासूनची संस्था. तिच्या सदस्यत्वात आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा मिळतो. गटात चालवताना खड्डा दिसला की हाताने दाखवायचा, मागून गाडी आली की मागच्याने ओरडून सांगायचं. कधी वळायचं, कधी थांबायचं हे पुढच्याच्या पाठीवरून कळायला दोन-तीन फेऱ्या लागतात, तोवर चाक आणि चाक यांत भरपूर अंतर ठेवा.

सरेच्या मोठ्या चढांवर दक्षिणेकडून, सायकलवरून न उतरता, जाता यायला लागलं की इंग्लंडात आणखी उत्तरेला जाण्याचा विचार करा. डर्बीशायरच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये कासलटनजवळ विनॅट्स पास आहे, चुनखडीच्या कड्यांमधून २० टक्क्यांवर चढणारा. शेजारचा मॅम टॉरवरचा मुख्य रस्ता दरड सतत सरकत राहिल्याने १९७९ साली कायमचा बंद केला, तेव्हापासून गाड्यांनाही विनॅट्सचीच वाट धरावी लागते. म्हणून तिथे सकाळी लवकर जा. लेक डिस्ट्रिक्टचा हार्डनॉट पास ३३ टक्क्यांपर्यंत जातो. त्याला मात्र कॅसेट आणखी मोठी लावून, कोरडा दिवस बघून, आणि उतारासाठी नवे ब्रेक पॅड घालूनच.